कायदा हवा, पण शेजारच्या गाडीसाठी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

वाहन चालवताना मोबाईल वापरण्यास बंदी करणारे कायदे लोकांना मनापासून मान्य आहेत का, या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे प्रश्न विचारण्यापेक्षा दुसऱ्या कोणाची तरी तक्रार करण्यासाठीच लिहिलेली होती, आणि विषय पाहता तेही बोलकेच म्हणायचे. निवडक पत्रे येथे संक्षिप्त करून दिली आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दामच वगळली आहेत.

प्रश्न: मी आमच्या कार्यालयात सहज विचारून पाहिले. बावीस जणांपैकी एकानेही या कायद्याला विरोध केला नाही. त्याच संध्याकाळी त्यांतले तिघे जण फाटकातून बाहेर पडता पडताच फोन कानाला लावून निघालेले मी पाहिले. याला ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ यापलीकडे दुसरे नाव आहे का? (निवृत्तीला आलेले एक कर्मचारी)

आपण पाहिलेत ते बावीस जणांपुरते मर्यादित नाही. अमेरिकेतील एएए फाउंडेशन फॉर ट्रॅफिक सेफ्टी ही संस्था वाहनचालकांच्या मतांचे आणि सवयींचे सर्वेक्षण अनेक वर्षांपासून करीत आली आहे. गाडी चालवताना संदेश वाचणे किंवा लिहिणे अत्यंत धोक्याचे आहे, असे त्यात दहांपैकी नऊंहून अधिक चालक सांगतात. आणि गेल्या महिनाभरात आपण स्वतः चालत्या गाडीत संदेश वाचल्याची कबुली २०१९ च्या सुमारास तिघांपैकी एकाहून अधिक चालकांनी दिली होती. म्हणजे ‘हे वाईट आहे’ असे म्हणणारे आणि ‘हे मी केले’ असे म्हणणारे हे दोन वेगळे गट नाहीत, तीच माणसे दोन्हीकडे आहेत. लोक सर्वेक्षणात खोटे बोलतात, असा एक सोपा खुलासा नेहमी दिला जातो. परंतु ज्याला खोटेच बोलायचे आहे, तो दुसऱ्या प्रश्नाला इतके प्रामाणिक उत्तर कशाला देईल?

या कोड्याचा नेमका शोध घेण्याचा प्रयत्न यूटा विद्यापीठातील डेव्हिड सॅनबोनमात्सू, डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात केला. त्यांचा निष्कर्ष असा, की अनेक चालकांना आपण स्वतः फोन वापरूनही गाडी सुरक्षित चालवू शकतो याची खात्री असते. दुसऱ्यांना ते जमते यावर मात्र त्यांचा अजिबात विश्वास नसतो. इतरांच्या फोनमुळे सार्वजनिक सुरक्षिततेला धोका आहे, ही भावना ज्याच्या मनात जितकी तीव्र, तितका त्याचा बंदीच्या कायद्याला पाठिंबा अधिक, असे त्यांना आढळले. याच विद्यापीठातून २०१३ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात एकाच वेळी दोन कामे करण्याची खरी क्षमता चाचणीने मोजली गेली, तेव्हा गाडी चालवताना फोनवर सर्वाधिक बोलणारे लोक त्या चाचणीत सरस ठरण्याऐवजी मागेच पडलेले दिसले, आणि स्वतःविषयीचा अंदाज विचारला तेव्हा बहुतेकांनी आपण सरासरीपेक्षा वरचढ आहोत असे सांगितले. हे दुखणे मोबाईलच्याही आधीचे आहे. १९८१ मध्ये ओला स्वेन्सन या स्वीडिश संशोधकाने चालकांना त्यांच्या कौशल्याची तुलना इतरांशी करायला सांगितली होती, तेव्हा अमेरिकन गटातील ९३ टक्क्यांनी आणि स्वीडिश गटातील ६९ टक्क्यांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवले. अर्ध्या जागेत ९३ टक्के माणसे बसवण्याचे गणित कोणाला जमले तर त्यांनी आम्हाला अवश्य कळवावे.

म्हणून आपल्या म्हणीला माझा थोडासा आक्षेप आहे. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या कोरड्या पाषाणाला आपण कोरडे आहोत हे निदान ठाऊक असते. या चालकांना ते ठाऊक नसते. आपण अपवाद आहोत, असे त्यांना मनापासून वाटत असते. मध्यंतरी मला एका परिचितांच्या शेजारच्या आसनावर बसून प्रवास करण्याचा योग आला. गृहस्थांनी फोन डाव्या मांडीवर उताणा ठेवला होता आणि ते अंगठ्याने पडदा वर सरकवीत होते; दर तीन-चार सेकंदांनी हनुवटी खाली जाई आणि पुन्हा वर येई, जणू झोप लागते आहे. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी जागची हलली नाही, तेव्हा मागून कोणीतरी भोंगा वाजवला. त्यांनी मान वर केली, गाडी पुढे काढली, आणि आरशात पाहून म्हणाले, “लोकांना अलीकडे दम म्हणून राहिलेला नाही.” पुढच्याच चौकात कानाला फोन लावून वळणारा एक तरुण आडवा आला, त्याच्याकडे पाहून याच गृहस्थांनी अशा लोकांचे परवाने जन्मभरासाठी रद्द व्हावेत असे मत दिले, आणि ते देताना त्यांचा अंगठा अजून पडद्यावरच होता. त्यांचे मत दिखाऊ होते असे मी म्हणणार नाही. ते कळकळीचे होते, फक्त त्या मताच्या कक्षेत ते स्वतः नव्हते.

प्रश्न: फोन हातात न धरता, ब्लूटूथवर बोलायला बहुतेक ठिकाणी परवानगी आहे. मग ते सुरक्षित आहे म्हणूनच ना? (एक अभियंता)

नाही, आणि या कायद्यांतील सर्वांत अवघड गाठ नेमकी येथेच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१९९७ मध्ये टोरांटो येथील डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी ६९९ चालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांकडे मोबाईल होता आणि सर्वांच्या गाड्यांना अपघातात नुकसान पोचले होते. अपघाताच्या आधीची काही मिनिटे आणि त्याच चालकाच्या आदल्या दिवसाची तीच वेळ यांची त्यांच्या फोनच्या नोंदींवरून तुलना केली असता, फोनवर असताना अपघाताचा संभव सुमारे चौपट वाढतो असे दिसले. फोन हातात धरणारे आणि न धरता बोलणारे यांच्यात सुरक्षिततेचा फरक मात्र आढळला नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात, अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांवर झालेल्या अभ्यासातही जवळपास तोच चौपटीचा आकडा आला, आणि हॅन्ड्स-फ्री उपकरणाने तो कमी झाला नाही. (पहिल्या अभ्यासातील एक तपशील क्वचितच सांगितला जातो: त्या चालकांपैकी ३९ टक्क्यांनी अपघातानंतर मदत बोलावण्यासाठी तोच मोबाईल वापरला होता.)

कारण असे, की संभाषण हाताने होत नाही. स्ट्रेयर यांच्या प्रयोगशाळेत चालकांना आभासी रस्त्यावर गाडी चालवायला लावून त्यांची नजर कोठे जाते याची नोंद ठेवली गेली. फोनवर बोलणाऱ्या चालकांनी रस्त्याकडेच्या ज्या फलकांवर थेट नजर टाकली होती, तेसुद्धा त्यांना नंतर नीट ओळखता आले नाहीत. डोळे पाहत होते आणि मन नोंद घेत नव्हते. २००६ मध्ये त्याच गटाने चाळीस जणांना एकदा फोनवर बोलत आणि एकदा रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०८ टक्के असताना गाडी चालवायला लावली. मद्य घेतलेले चालक पुढच्या गाडीला चिकटून, आक्रमकपणे चालवीत. फोनवरचे चालक ब्रेक लावायला उशीर करीत, आणि त्या प्रयोगातील टकरी याच दुसऱ्या स्थितीत झाल्या.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. प्रत्यक्ष गाड्यांत कॅमेरे बसवून दीर्घकाळ निरीक्षण करणाऱ्या व्हर्जिनिया टेक या अमेरिकन विद्यापीठातील संशोधकांचे चित्र थोडे वेगळे आहे. त्यांच्या अभ्यासांत नुसत्या बोलण्याचा धोका तितका मोठा दिसला नाही; डोळे रस्त्यावरून हटवणाऱ्या कृतींचा मात्र प्रचंड दिसला. अवजड ट्रकच्या चालकांबाबत २००९ मध्ये त्यांनी दिलेला आकडा असा, की संदेश लिहिताना अपघाताचा किंवा अपघात थोडक्यात टळण्याचा संभव २३ पटींहून अधिक होतो. तेव्हा बोलण्यावर संशोधकांत वाद आहे, टंकण्यावर नाही.

मग कायदा हातातल्या फोनपाशीच का थांबतो? माझ्या मते त्याचे उत्तर विज्ञानात शोधू नये. हातातला फोन पोलिसाला दिसतो, शेजारच्या चालकाला दिसतो, आणि जे दिसते त्याच्याविरुद्ध जनमत लवकर तयार होते. स्वतःच्या डोक्यात चाललेले संभाषण कोणालाच दिसत नाही, स्वतःलाही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये, मिसुरी राज्यातील ग्रे समिट येथील एका साखळी अपघाताच्या चौकशीनंतर, हॅन्ड्स-फ्रीसकट सर्वच फोनवापर सर्व राज्यांनी बंद करावा अशी शिफारस केली होती. त्या अपघातात दोन जण मृत्युमुखी पडले होते आणि अडतीस जखमी झाले होते. ज्या चालकाच्या गाडीपासून टकरींना सुरुवात झाली, त्याने आधीच्या अकरा मिनिटांत अकरा संदेश पाठवले वा घेतले होते. शिफारस अगदी निःसंदिग्ध होती. तरीही एकाही राज्याने सर्व प्रौढ चालकांसाठी तसा कायदा केला नाही, कारण हातातल्या फोनवर बंदी म्हटले की मोठे बहुमत उभे राहते आणि हॅन्ड्स-फ्रीवर बंदी म्हटले की ते बहुमत विरघळून जाते. लोकप्रतिनिधींनी जनमत अचूक वाचले. रस्ता वाचायचे काम त्यामुळे अर्धवट राहिले.

प्रश्न: असे असेल तर शेजारी बसलेल्या माणसाशी बोलण्यावरही बंदी घालावी लागेल. आमच्या घरात तरी ती अमलात येणे अशक्य आहे. (एक गृहिणी)

तशी वेळ येणार नाही, निश्चिंत असावे. शेजारी बसलेल्या माणसालाही रस्ता दिसत असतो. समोर गर्दी झाली, पाऊस वाढला, एखादी गाडी अचानक आडवी आली, की तो आपोआप बोलायचे थांबतो, कधी “जपून” म्हणतो, कधी हव्या त्या वळणाची आठवण करून देतो. २००८ मध्ये स्ट्रेयर यांच्याच गटाने मुद्दाम या दोन्हींची तुलना केली, तेव्हा शेजाऱ्याशी बोलणारे बहुतेक चालक ठरलेल्या ठिकाणी बरोबर वळले आणि फोनवर बोलणाऱ्यांपैकी बरेच जण ते वळण ओलांडून पुढे निघून गेले. फोनच्या पलीकडच्या माणसाला आपण कोठे आहोत याची कल्पना नसते, आपण ऐन वळणावर असताना तो एखादा आकडा विचारतो, आणि आपण उत्तर दिले नाही की “ऐकू येतंय ना?” असे दोनदा विचारतो. मागच्या आसनावर भांडणारी मुले या तुलनेत कोठे बसतात, ते मात्र वेगळेच प्रकरण आहे.

प्रश्न: मी दुचाकीवरून घरोघरी सामान पोचवतो. माझे सारे काम फोनवर चालते. पत्ता फोनवर, नवे काम फोनवर, ग्राहकाचा ‘कुठे पोचलात’ हा फोनही फोनवरच. वेळेत उत्तर दिले नाही तर माझा दर्जा घसरतो. कायदा मला गुन्हेगार ठरवतो आणि ज्याच्यामुळे मी फोन उचलतो तो मोकळा राहतो. जनमताने माझ्यासारख्यांचा विचार केला आहे का? (एक पत्रलेखक)

केलेला नाही, आणि आपले पत्र या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे आहे, असे मला वाटते.

सर्वेक्षणातला प्रश्न बहुधा असा असतो: ‘वाहन चालवताना मोबाईल वापरण्यास बंदी असावी का?’ उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या वेळी रिकामपणी गप्पा मारणारा चालक येतो. पोटासाठी पडद्याकडे पाहणारा चालक येत नाही. तोच प्रश्न ‘आपली मागवलेली वस्तू दहा मिनिटे उशिरा आली तरी चालेल, पण आणणाऱ्याने वाटेत फोन उचलू नये, हे आपल्याला मान्य आहे का?’ असा विचारला, तर किती हात वर राहतील याविषयी मला शंका आहे. बंदीला पाठिंबा देणे फुकट पडते. तिची किंमत मोजण्याची वेळ आली, की ती कोणी मोजायची हे ठरवणारी माणसे वेगळी आणि मोजणारी वेगळी असतात.

कायद्याच्या बाजूने पाहता वाट दाखवणारा नकाशा हा अपवाद अनेक देशांनी कोणत्या ना कोणत्या रूपात स्वीकारला आहे. भारतात २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्याच्या धोकादायक वाहनचालनाविषयीच्या १८४ व्या कलमात हातात धरायच्या संपर्क-उपकरणाचा वापर स्पष्टपणे आला, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी केवळ मार्ग पाहण्यासाठी, चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, त्याचा वापर करण्यास मुभा दिली. ब्रिटनमध्ये फोन पक्क्या खाचेत बसवलेला असेल आणि त्याला हात लावावा लागत नसेल, तर नकाशा चालतो. आपल्या अडचणीवर याचा निम्माच उपाय होतो. नकाशा हँडलवर बसवता येईल. पण ‘नवे काम स्वीकारा’ अशी चौकट पडद्यावर अवतरते आणि सेकंद उलटे मोजू लागते, तेव्हा बोट उचलावेच लागते. ते बोट कोणी उचलायला लावले, हे दंडाच्या पावतीवर लिहिण्याची सोय नसते. गाडी थांबल्याशिवाय ती चौकट उघडूच नये, अशी रचना करणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही, कारण गाडी किती वेगाने चालली आहे हे त्या फोनला क्षणोक्षणी कळत असते. ती सक्ती काम देणाऱ्यांवर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर, आपल्याला न परवडणारा सल्ला देतो आहे हे मान्य करूनच लिहितो: गाडी कडेला घेऊन उत्तर द्यावे. ताशी ६० किलोमीटर वेगात दुचाकी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते, आणि दुचाकीस्वाराभोवती पत्राही नसतो.

प्रश्न: अशा कायद्यांनी खरोखर काही फरक पडतो का, की चार दिवसांचा गाजावाजा? (एक निवृत्त शिक्षक)

दोन्ही घडते, आणि कोणते घडेल ते कायद्याच्या मजकुरापेक्षा त्यानंतरच्या वर्षांवर अवलंबून असते.

न्यूयॉर्क हे हातातल्या फोनवर बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले राज्य. कायदा नोव्हेंबर २००१ मध्ये लागू झाला. रस्त्याकडेला उभे राहून निरीक्षकांनी मोजले, तेव्हा कायद्यापूर्वी २.३ टक्के चालक फोन कानाला लावलेले दिसत; कायद्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हे प्रमाण १.१ टक्क्यांवर आले, म्हणजे निम्मे झाले. मार्च २००३ मध्ये पुन्हा मोजले तर ते २.१ टक्के होते. वर्तमानपत्रांतील बातम्या ओसरल्या, पोलिसांकडून विशेष मोहीम झाली नाही, आणि लोक आपापल्या जागी परत गेले. संदेश लिहिण्यावरील बंदीबाबत राही अबूक आणि स्कॉट अ‍ॅडम्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच वेगळ्या मार्गाने दाखवले: काही प्रकारचे जीवघेणे अपघात बंदी येताच घटले आणि काही महिन्यांत पूर्वपदावर आले. लोक कायद्याला नव्हे, कायद्याच्या बातमीला घाबरले होते.

आणखी एक निरीक्षण अधिक अस्वस्थ करणारे आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील विमा-नुकसानीच्या नोंदी अभ्यासणाऱ्या संस्थेने चार राज्यांची आकडेवारी पाहिली, तेव्हा संदेशबंदीनंतर नुकसानभरपाईचे दावे घटलेले दिसले नाहीत. उलट त्यांतील तीन राज्यांत ते किंचित वाढलेले दिसले. त्यांनी मांडलेला अंदाज असा, की पूर्वी चालक फोन स्टिअरिंगच्या चाकावर, नजरेच्या रेषेत धरीत. बंदीनंतर तो पोलिसाला दिसू नये म्हणून मांडीवर आला, आणि त्याबरोबर नजरही रस्त्यावरून अधिक खाली गेली. हा अंदाजच आहे. पण मी वर वर्णन केलेल्या गृहस्थांची हनुवटी मला आठवते.

दुसऱ्या पारड्यात सिरॅक्यूज आणि हार्टफर्ड ही अमेरिकेतील दोन शहरे आहेत. तेथे २०१० आणि २०११ मध्ये ‘एका हातात फोन, दुसऱ्या हातात पावती’ अशा अर्थाच्या घोषवाक्याने मोहीम राबवली गेली. जाहिरात आणि चौकाचौकांत पोलिस, अशी दोन्हींची जोड वर्षभरात चार वेळा दिली गेली. हातात फोन धरण्याचे प्रमाण हार्टफर्डमध्ये ५७ टक्क्यांनी आणि सिरॅक्यूजमध्ये ३२ टक्क्यांनी घटले. दंड किती यापेक्षा पकडले जाण्याची शक्यता किती, हे लोक जास्त बारकाईने मोजतात. ज्यांना आपण अपवाद आहोत असे वाटते, त्यांना धोक्याचे आकडे पटत नाहीत. पावती मात्र अपवाद करीत नाही.

जनमत अजिबात बदलत नाही असेही नाही. ब्रिटनमध्ये १९६७ साली चालकाच्या श्वासातील मद्य तपासण्याची पद्धत आली, तेव्हा तत्कालीन वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. आज तेथे पिऊन गाडी चालवणारा मनुष्य आपल्या मित्रांतही ते सांगायला धजत नाही. त्या बदलाला एका पिढीहून अधिक काळ लागला, आणि तो घडत असताना तपासणी एकदाही थांबलेली नव्हती.

प्रश्न: काही देशांत म्हणे कॅमेरे थेट गाडीच्या काचेतून आत डोकावतात. सुरक्षिततेच्या नावाखाली हे जरा जास्तच होत नाही का? (विधी शाखेची विद्यार्थिनी)

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १ डिसेंबर २०१९ पासून असे कॅमेरे सुरू केले. त्याआधी सहा महिने चाचणी झाली, तीत ८५ लाख वाहने तपासली गेली आणि एक लाखाहून अधिक चालक हातात फोन घेतलेले सापडले. पहिले तीन महिने नुसते इशाऱ्याचे पत्र जात असे. दंड मार्च २०२० पासून सुरू झाला. छायाचित्रे आधी संगणक चाळतो, आणि संशयास्पद वाटलेले चित्र माणसाने पाहिल्यावरच पुढची कारवाई होते.

आपला आक्षेप मला हलका वाटत नाही. फोन हातात नसलेल्या लाखो लोकांच्या मांडीचे छायाचित्र काढून काही हजारांना पकडणे, हा व्यवहार डोळे मिटून मान्य करण्यासारखा नाही. ती चित्रे किती काळ राहतात, कोण पाहते, आणि उद्या दुसऱ्या कोणत्या कामासाठी वापरली जातात, हे कायद्यातच लिहिलेले असले पाहिजे. पण पर्यायाचाही विचार व्हावा. चौकात उभा असलेला पोलिस कोणाला थांबवायचे हे स्वतः ठरवतो, आणि त्या निवडीत गाडी कोणती, माणूस कसा दिसतो, हेही नकळत येते. कॅमेऱ्यापुढे ती निवड उरत नाही. परीक्षेत आपल्याला एकच बाजू घ्यायची असेल तर माझे मत कॅमेऱ्याच्या बाजूने, परंतु चित्रे तत्काळ पुसण्याच्या सक्तीसह, असे नोंदवावे.

प्रश्न: लाल सिग्नलला गाडी थांबलेली असताना फोन पाहिला तर बिघडते कोठे? (एक वाचक)

बऱ्याच देशांत कायद्याच्या दृष्टीने बिघडते. ब्रिटनमध्ये सिग्नलला किंवा कोंडीत उभी असलेली गाडीही ‘चालवली जात’ असते. तिथला कायदा १ डिसेंबर २००३ पासूनचा आहे, पण २०१९ मध्ये त्याची एक गमतीदार पंचाईत झाली. एका चालकाने दुसऱ्या एका अपघाताचे चालत्या गाडीतून चित्रीकरण केले. कायद्यात बंदी होती ती संपर्कासाठी फोन वापरण्याला. चित्रीकरण म्हणजे संपर्क नव्हे, असे म्हणून उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरण्यास नकार दिला. निकाल कायद्याच्या शब्दांना धरून होता, आणि लोकांत त्याचा अर्थ ‘चित्रीकरण चालते’ असा पसरू नये म्हणून न्यायालयाला वेगळी समज द्यावी लागली. २५ मार्च २०२२ पासून ती फट बुजवली गेली: छायाचित्र काढणे, गाणी निवडणे, खेळ खेळणे, सगळेच आत आले. सिग्नलचे म्हणाल तर दिवा हिरवा झाल्यावरही मन काही क्षण त्या संदेशातच रेंगाळते, हे मागून भोंगा वाजवणाऱ्याला विचारून पाहावे.

प्रश्न: माझा मुलगा नुकताच गाडी चालवू लागला आहे. मी केलेला फोन तो लगेच उचलतो, याचे मला आतापर्यंत कौतुक वाटत होते. मी काय करावे? (एक वडील)

आपण एकटे नाही आहात. अमेरिकेत किशोरवयीन चालकांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१४ मध्ये तेथील मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडला गेला. गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले त्या वेळी आई किंवा वडिलांशी बोलत होती. फोन उचलला नाही तर घरी रागावतात, असे अनेकांनी सांगितले. आपण सारे ज्या कायद्याला पाठिंबा देतो, तो मोडायला मुलांना लावणारा फोन पुष्कळदा आपलाच असतो. चालकाच्या हातात फोन असतो म्हणून दंड त्याला होतो. पलीकडे बोलणारा कोणत्याही कायद्याच्या कलमात येत नाही, आणि तो यावा असेही मी म्हणत नाही.

मुलाला दोष न देता दोन गोष्टी करता येतील. वाहन चालू असताना सूचना आपोआप बंद ठेवण्याची आणि फोन करणाऱ्याला ‘मी गाडी चालवत आहे’ असा संदेश पाठवण्याची सोय आयफोनमध्ये २०१७ पासून आहे, तशी इतर फोनमध्येही मिळते. ती त्याच्याबरोबर बसून आपणच सुरू करून द्यावी, म्हणजे उत्तर न देण्याची परवानगी घरूनच मिळाली असे त्याला वाटेल. दुसरे म्हणजे, फोन लागल्यावर पहिला प्रश्न “गाडीवर आहेस का?” हा असावा, आणि उत्तर ‘हो’ आले तर पुढचे वाक्य न बोलता आपण फोन ठेवावा; “दोनच मिनिटं” असेही म्हणू नये. आमच्या घरी हा नियम माझ्याच आग्रहाने झाला. पहिल्या महिन्यात तो पाच वेळा मोडला गेला, आणि पाचही वेळा पलीकडून “बाबा, मी गाडीवर आहे” असे म्हणून फोन ठेवला गेला.